उलटी कॉइल

मरोळच्या त्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मालन परबचा हात सगळ्यांत हलका. केसाहून बारीक तांब्याची तार तिच्या दोन बोटांतून मशीनवर सरसर जायची आणि दिवसभरात एकदाही तुटायची नाही. जीभ मात्र हलकी नव्हती. कुणी कामात खोट काढली की बाईसाहेब अशा फणकारायच्या, की सुपरवायझर नंदकिशोरसुद्धा चहाच्या निमित्ताने बाहेर सटकायचा.

तिथल्याच पॅकिंग खात्यात इसिडोर मिरांडा खोक्यांना खिळे ठोकायचा. राहायला मरोळ गावठाणात, आणि रविवारी लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो गिटार घेऊनच मालनसमोर येऊन बसला.

"मालन, ही मुकी झाली गो. आता तूच बघ."

गिटार होती अगदी स्वस्तातली. तारांखाली दोन काळ्या डब्या बसवलेल्या. त्यांना पिकअप म्हणतात हे मालनला त्या दिवशी कळलं. तिने स्क्रू काढून एक डबी उघडली आणि हसायलाच लागली. आत लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो फेरे, हिरवट पडून ठिकठिकाणी तुटलेले.

"अरे मेल्या, ही तर कॉइल. एवढ्यासाठी तोंड पाडून बसलायस?"

"तोंड पडणार नाही तर काय? बँड रोझारिओचा. तो तीन वर्षं बोंबलतोय, तुझी गिटार ऐकूच येत नाही म्हणून. ह्या रविवारी ऐकू आली नाही तर माझ्या जागी कीबोर्डवाला आणणार आहे. मग मी काय, लग्नात नुसतं डुकराचं सोरपोतेल खायला जाऊ?"

पंच्याऐंशी साल ते. बँडवाल्यांच्या डोक्यात कीबोर्डचं नवंच खूळ शिरलं होतं. मालनला त्याची कणव आली.

"रविवारी तुझी गिटार अख्खं गावठाण ऐकेल," तिने शब्द देऊन टाकला.

शुक्रवारी तिने नंदकिशोरकडून रिळावर उरलेली तार मागून घेतली. नाही म्हणायची त्याची काय बिशाद. जुनी तार कापून फेकली आणि आवाज वाढावा म्हणून डबीत मावतील तेवढे फेरे घातले, सात हजारांच्या वर. शनिवारी जोडण्या सोल्डर केल्या, मीटर लावून पाहिला. दोन्ही कॉइल चोख होत्या. संध्याकाळी गिटार इसिडोरच्या हवाली केली.

रविवारी दुपारी ती बांगडे साफ करत बसली होती, तेवढ्यात इसिडोर दारात उभा राहिला. अंगात कोट, पण चेहरा पार उतरलेला.

"आवाज येतो गो, पण नाकातून येतो. सर्दी झालेल्या माणसासारखा. भरदारपणा म्हणून नाही."

झालं. मालनचं डोकं सटकलं. "माझ्या कॉइलला नावं ठेवू नकोस हां. मीटर काय खोटं बोलतो? तुझ्या त्या डबडा अँप्लिफायरचं बघ आधी."

"बरं," एवढंच म्हणून इसिडोर जिना उतरून गेला. त्याने दोन शब्द उलट ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बांगड्यांना मीठ लावता लावता तिचा हात थांबला. कारखान्यात कॉइल कधी एकटी जात नसे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन पायांवर दोन बसायच्या, एक सुलटी गुंडाळलेली, एक उलटी. अकरा वर्षं हाताला तेच वळण. शुक्रवारीही एक पिकअप गुंडाळून झाल्यावर तिने मशीन उलटं फिरवलं होतं आणि दुसरा गुंडाळला होता, मनात काही विचार न करता. आणि कुठला पिकअप वाजवायचा ते ठरवणारा त्या गिटारचा स्विच तर कधीचा मधोमध अडकलेला. म्हणजे दोन्ही एकदम वाजणार, आणि एकीने दिलेला भरदार आवाज दुसरी खाऊन टाकणार, उरणार तो बारीक, नाकातला.

"वाट लागली," ती स्वतःशीच म्हणाली. चूक आपली आणि बोलणी खाल्ली त्या गरिबाने, हे मनात येऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हात धुतले, खालच्या रेडिओवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं आणि पदर खोचून गावठाणाची वाट धरली.

मांडवाशी पोचेपर्यंत उन्हं कलली होती आणि बँड सुरू झाला होता. रोझारिओचा ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मोठा ढोल, सगळ्यांचे भरदार आवाज एकमेकांत कालवले गेलेले. आणि त्या कालव्यातून एक बारीक, धारदार आवाज स्वच्छ वर येत होता. एकेक सूर वेगळा मोजून घ्यावा असा. म्हातारेकोतारेसुद्धा त्याच्यावर पाय टाकत होते. मालन जागच्या जागी उभी राहिली.

गाणं थांबल्यावर ती इसिडोरकडे गेली. "चुकले रे मी. एक कॉइल उलटी गुंडाळली. दोन तारांची अदलाबदल केली की झालं, पाच मिनिटांचं काम."

इसिडोरने गिटार पाठीमागे लपवली. "हात लावायचा नाही."

रोझारिओ ओठ पुसत पुढे आला. "तूच काय ती? बाय, इतकी वर्षं ह्याचा आवाज आमच्या आवाजात बुडून जायचा. आज मलाच माझा ट्रम्पेट ऐकू येईना. कीबोर्डवाल्याला उद्या नाही म्हणून कळवतो." आणि वळून इसिडोरला म्हणाला, "पुढचं गाणं तू सुरू कर. आम्ही मागून येतो."

कुणीतरी मालनला खुर्ची दिली. आयर्न मांडीवर ठेवून ती बसली. तिच्या हातच्या लाखभर कॉइली बंद डब्यांतून कुठे कुठे गेल्या, त्यांचं पुढे काय झालं, तिला कधी कळलं नव्हतं. इसिडोरने पहिला सूर छेडला आणि ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

शेजारी एक अनोळखी म्हातारी पायाने ताल धरून बसली होती. मालनने तिला कोपराने हळूच ढोसलं.

"मावशी, हे ऐकताय ना? हे मी गुंडाळलंय."