मासोळीचा दम

सुताराच्या दुकानात भुशावर गुडघे टेकताना मासोळीच्या डोक्यात एकच होतं: नळी पहिल्या झटक्यात गेली पाहिजे.

रुग्णवाहिका सेवेत तुलना चालू होती. श्वास थांबलेल्या रोग्याच्या श्वासनलिकेत थेट नळी घालावी, की घशात मऊ रबरी मास्क बसवावा? नळी पक्की, बसली की उलटीसुद्धा सहसा फुप्फुसात उतरत नाही. पण ती घालायला जीभ उचलून स्वरतंतू दिसावे लागतात. मास्क न बघता सरकवता येतो, पण पोट उलटलं तर त्याचा तेवढा भरवसा नाही. एका महिन्यात पहिल्यांदा नळी, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा मास्क, असं ठरलं होतं. हा नळीचा महिना होता, आणि नळीच्या बाजूने सगळ्यांत जास्त तावातावाने भांडली होती मासोळीच. शाळेपासून पोहायची, म्हणून हे नाव चिकटलेलं.

सुताराचं बंद पडलेलं हृदय यंत्राने दिलेल्या विजेच्या धक्क्याने पुन्हा चालू झालं होतं. नाडी लागत होती, श्वास मात्र नव्हता. तिचा जाडजूड जोडीदार, ज्याला सगळे काका म्हणत, फुगा दाबून हवा देत होता. पण दाढी इतकी दाट, की तोंडावर दाबलेल्या वाटीच्या कडेने हवा फुसफुसत निसटत होती.

"दाढी आहे की गवताची गंजी!" काका पुटपुटला. "घाल बाई लवकर."

त्यांच्यात एक रीत होती. नळी घालणाऱ्याने आपलाही श्वास रोखायचा. आपला जीव कासावीस झाला, म्हणजे रोग्याचा आधीच झालाय; हात मागे घ्यायचा, हवा द्यायची. मासोळीने श्वास रोखला. सवयीने काकानेही रोखला.

जीभ जाड, मान आखूड. तिने जीभ दाबून धरायचं पातं तोंडात घालून वर उचललं. गुलाबी फेस दिसला, स्वरतंतू नाही. जरासं डावीकडे. दिसल्यासारखं झालं, पुन्हा गेलं. छाती शांत होती तिची. वेळ आहे, तिला वाटलं, भरपूर वेळ आहे. यंत्राची टिकटिक खालच्या पट्टीत उतरत चाललेली तिच्या कानावर पडत होती, पण आत पोचत नव्हती.

काकाने भसकन श्वास सोडला. "सोड! माझा दम संपला!"

"माझा आहे अजून."

"अगं, तुझा काय धरून बसलीस! तू एका दमात तलाव पार करणारी. हा बापडा रंधा मारणारा माणूस. आकडा बघ!"

तिने बघितलं. प्राणवायूचा आकडा घसरला होता आणि ओठ निळे पडले होते. तिने पातं बाहेर काढलं. काकाने पुन्हा फुगा दाबला. वाटी गळतच राहिली, आकडा हलेना. नियमाने दुसरी संधी होती. हात शिवशिवत होता. आता कुठे वळवायचं ते कळलंय, फक्त एकदा...

"मास्क दे," ती म्हणाली.

"नळीचा महिना आहे हं. नंतर तुझीच मान खाली."

"जाऊ दे. दे लवकर."

रबरी मास्क जिभेवरून सरकत घशात जाऊन बसला. फुगा दाबला, तशी छाती दोन्ही बाजूंनी उचलली. आकडा मात्र ढिम्म. तिने दोनदा मास्क आणि फुग्यामधला जोड चाचपला. मग आकडा चढू लागला, सावकाश, अंत बघत.

गाडीत काका चाक धरून, शेजारी सुताराची बायको मागे वळून बसलेली. मासोळी एका हाताने फुगा दाबत होती, दुसऱ्या हातात उलटी खेचायची नळी तयार. पोट फुगतंय का? मास्क हलला का? प्रत्येक खड्ड्यानंतर ती वाकून बघत होती.

एका दाबाच्या आधीच छाती उचलली. तिने हात थांबवला.

"दाबा ना!" मधल्या खिडकीतून बायको ओरडली. "थांबलात कशाला?"

"एक मिनिट, वहिनी. बघू द्या."

छाती पुन्हा उचलली, वेडीवाकडी, अर्धवट.

"घेतायत," मासोळी म्हणाली, "तेच घेतायत," आणि पुढचा श्वास आला नाही तर दाबायला बोटं फुग्यावर ताठ ठेवून बसली.