पितळेची दुसरी कडी

लेलंड सेसम्सच्या डाव्या हाताला तीनच बोटं उरली होती. बाकीची दोन आठ वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत करवतीखाली गेली आणि गिरणीने त्याला भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी बसवलं. बोटांचं दुःख त्याने लवकर गिळलं. पण बोटांबरोबर शिकारही गेली, ते मात्र काही केल्या गिळवेना.

त्याची बंदूक जुन्या पद्धतीची. एक बार झाला की डाव्या हाताने पुढचा दांडा मागे ओढायचा, परत पुढे ढकलायचा, तेव्हा कुठे दुसरं काडतूस आत जायचं. तीन बोटांत तो दांडा धड मावेना. त्यात लेलंडचा स्वभाव असा, की पहिला बार घाईत टाकायचा आणि हमखास चुकायचं. सगळी भिस्त दुसऱ्यावर. दुसरा भरेपर्यंत हरीण रस्ता ओलांडून दलदलीत गडप झालेलं असायचं.

जुनिपर क्लबात चुकणाऱ्याला माफी नव्हती. कुत्र्यांनी दलदलीतून हाका घालायचा, तेरा सभासदांनी वाळूच्या रस्त्याकडेला आपापल्या ठिय्यावर उभं राहायचं. हरणावर बार टाकला आणि हरीण पडलं नाही, तर त्या माणसाच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि जेवणघराच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. पुढे कधी नर पाडला, की आपले सगळे तुकडे काढून मानाने घरी न्यायचे. बाकीच्यांचे तुकडे येत-जात असायचे. लेलंडचे नऊ तुकडे आठ वर्षं तिथेच होते, आणि त्याची बायको आयव्हा दर हिवाळ्यात एक-दोन शर्टांना मागून ठिगळ लावत होती.

कापायचं काम रॉइस टार्टचं. कुत्री त्याची, कोणी कुठे उभं राहायचं हे तोच ठरवणार. माणूस मोठा विनोदी, असं सगळे म्हणायचे. त्याच्या प्रत्येक विनोदात कुणीतरी एक रडकुंडीला यायचा आणि बाकीचे हसायचे. आपण त्या बाकीच्यांत असलो की विनोदी म्हणायला काय जातं.

जुलैत रॉइसने लेलंडला अंगणात बोलावून आपली जुनी बंदूक दाखवली. पाठीवर चौकोनी उंचवटा होता, म्हणून तिला सगळे कुबडी म्हणायचे.

"चाप तेवढा ओढायचा. बाकी सगळं ती करते," रॉइस म्हणाला. "तुझ्यासारख्याला अशीच पाहिजे."

त्याने खिशातून तीन लांब काडतुसं काढली, भरली आणि धाड धाड धाड, तीन बार टाकले. रिकामी टरफलं एकामागून एक उडून गवतात पडली. दांडा ओढणं नाही, ढकलणं नाही. लेलंडने नळी सूर्याकडे धरून आतून बघितली. गंज नव्हता. लाकडाला तडा नव्हता. वापरलेल्या बंदुकीत अजून काय बघतात ते त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. चारशे डॉलर देऊन तो कुबडी घेऊन घरी आला.

घरी त्याने नेहमीची काडतुसं भरली. पहिला बार झाला. दुसऱ्याला चाप ओढला तर नुसताच ओढला गेला. रिकामं टरफल तोंडातच अडकून बसलं होतं.

"मळली असेल रे," रॉइस म्हणाला. "उघड, पूस, तेलाचा हात फिरव. जुनं फ्लॅनेल घे आणि त्याचे दोन-दोन बोटं रुंद चौकोन काप, नळी पुसायला त्याच्यासारखं काही नाही. आणि एक सांगून ठेवतो. जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने परत घाल. एक कडी इकडची तिकडे झाली तर सगळं फुटून तोंडावर येईल."

या बंदुकीत बार झाला की सगळी नळीच धक्क्याने मागे सरकते, रिकामं टरफल फेकते आणि नवं काडतूस आत घेते. ती फार जोरात आपटू नये म्हणून पुढच्या लाकडाखाली, जाड स्प्रिंगच्या टोकाला, पितळेची कडी असते आणि ती ब्रेकसारखी घासते. लेलंडने ओसरीवर पांढरा टॉवेल पसरला आणि एकेक भाग काढून ओळीने मांडला. टोकाची टोपी, लाकूड, नळी, पितळेची कडी, दुसरी पितळेची कडी, स्प्रिंग. प्रत्येक भाग चकचकीत पुसला आणि त्याच क्रमाने परत घातला. दुसऱ्या दिवशी टरफल पुन्हा अडकलं.

"मग हात तुझा," रॉइस म्हणाला. "ही खांद्यात रोवून धरावी लागते. सैल धरली की अडकते. तीन बोटांनी कसं रोवणार बाबा? पण मेहनत कर. जमेल."

लेलंडला ते पटलं. आपल्या हाताबद्दल कुणी काहीही वाईट सांगितलं तरी त्याला ते लगेच पटायचं. त्या दिवसापासून आयव्हा रोज दुपारी त्याच्या तळहाताला कापराचं तेल चोळायची आणि रबरी चेंडू दाबायला लावायची. तो बंदूक खांद्याला लावून उभा राहिला की ती मागून दोन्ही हातांनी खांदा दाबून धरायची. मग ती शिवायला बसायची आणि तो टॉवेल पसरायचा. दोन्ही पितळी कड्या तो इतक्या घासायचा की त्यांत तोंड दिसावं.

ती त्याच्यासाठी शर्ट शिवत होती. लाल-काळ्या चौकड्यांचं जाड फ्लॅनेल, आणि मागच्या सोग्याला दुहेरी शिवण.

"हा घालून जा या वर्षी," ती म्हणाली. "आणि हा मला अख्खा परत आण."

"आणि चुकलो तर?"

"तर रॉइसची सुरी शिवणीत अडकेल. तेवढ्यात तू पळून ये."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयव्हा दोरीवर कपडे वाळत घालताना पडली आणि उठली नाही. शर्टाचं शेवटचं बटण लावायचं राहिलं होतं. ते लेलंडने स्वतः लावलं. तीन बोटांनी लावायला त्याला अख्खी सकाळ लागली.

नोव्हेंबरात हंगाम उघडला त्या दिवशी तो तोच शर्ट घालून गेला. दुसरा घालता आला असता, पण तिने सांगितलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. क्लबात स्वयंपाकी ओथाने मक्याच्या कण्या आणि डुकराचं तळलेलं मांस वाढलं. रॉइसने लेलंडच्या पाठीवर थाप मारली, शर्टाचा सोगा बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, "वा, नवं कापड."

नऊच्या सुमाराला कुत्र्यांचा आवाज जवळ आला आणि लेलंडच्या ठिय्यासमोर आठ टोकांच्या शिंगांचा नर रस्त्यावर येऊन थांबला. लेलंडने बंदूक खांद्यात अशी रोवली की हाड दुखलं. पहिला बार वर गेला. त्याला त्याचं काही वाटलं नाही, दुसरा होता ना. त्याने नेम नीट धरला आणि चाप ओढला. काही झालं नाही. टरफल आडवं अडकलं होतं. नराने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि धावायचेही कष्ट न घेता चालत पलीकडे निघून गेला.

जेवणघरात सगळे आधीच टेबलावरून उठून उभे होते.

"रॉइस, हा नको," लेलंड म्हणाला. "माझा कोट काप. गाडीत दुसरा शर्ट आहे, तो घे. हा आयव्हाने शिवलाय."

"आम्हाला काय माहीत नाही होय? शिवण तिचीच दिसतेय."

"शेवटचा आहे रे. मी कधी काही मागितलं नाही."

"नियम शर्टाला असतो, लेलंड. बायकोला नसतो," रॉइस म्हणाला आणि कुणीतरी हसलं. दोघांनी लेलंडचे दंड धरले. फार जोर लावावा लागला नाही. सुरी खरंच दुहेरी शिवणीत अडकली. लेलंडला वाटलं, आता तरी सोडतील. रॉइसने ओथाला हाक मारली आणि कोंबडी कापायची कात्री मागवली. ओथाने ती आणून दिली.

तुकड्यावर नाव लिहून झालं, तारीख लिहून झाली, खिळा ठोकून झाला. सगळे जेवायला बसले. लेलंड उघड्या कमरेला हात लावत मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याने टॉवेल पसरला. टोपी, लाकूड, नळी, कडी, दुसरी कडी. ओथा खरकटं पाणी फेकायला बाहेर आला आणि तिथेच थांबला.

"तू ती दुसरी पण परत घालतोस?" त्याने विचारलं.

"जशी निघते तशीच घालतो. रॉइसने सांगितलंय."

ओथाने बादली खाली ठेवली. "नेहमीच्या काडतुसांना हिला एकच पुरते. दोन घालतात त्या लांब, जास्त दारूच्या काडतुसांसाठी. आपल्या काडतुसात दोन कड्यांना मागे रेटायचा जोर कुठून येणार? अडकणारच. रॉइसने विकण्याआधी घातली ती. जुलैपासून सांगत सुटलाय. तू ती घासून चकचकीत करतोस, हे तर तो दर रविवारी चर्चबाहेर सांगतो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"तुला?"

"मी इथे पोटासाठी स्वयंपाक करतो, लेलंड," ओथा म्हणाला आणि बादली उचलून आत गेला.

लेलंडला आधी राग आला नाही. त्याला आयव्हाची लाज वाटली. तिने दोन महिने या हाताला तेल चोळलं होतं आणि दोष या हातातच आहे असं समजून ती गेली होती. मग राग आला. त्याने दुसरी कडी खिशात टाकली आणि बंदूक जोडली. भिंतीवरून तुकडा उपटून घरी जाणं सोपं होतं. पण तो चोरून नेल्यासारखं झालं असतं, आणि तिने अख्खा आण म्हणून सांगितलं होतं. तुकडा मिळाला तर शिवून घेता आला असता. गावातल्या कुठल्याही बाईने शिवून दिला असता.

दुपारी भुरभुर पाऊस लागला. रॉइसने त्याला सगळ्यात लांबच्या ठिय्यावर टाकलं, जिथे गेल्या पाच वर्षांत कुणाला काही दिसलं नव्हतं. साडेतीनला कुत्री वाट चुकली आणि तिकडेच वळली. नर निघाला. पहिला बार चुकला. टरफल उडून त्याच्या गालाजवळून गेलं. दुसऱ्याला नर पुढच्या पायांवर बसला आणि आडवा झाला.

लेलंडने शिकार पडली की फुंकायचं गायीचं शिंग तोंडाला लावलं आणि रिवाजाप्रमाणे तीनदा फुंकलं. आठ वर्षांत फुंकलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने छाती रिकामी होईपर्यंत फुंकलं, कारण ते रॉइसला ऐकू जायला हवं होतं. ते रॉइसला नीट ऐकू गेलं. त्याआधीचे लागोपाठचे दोन बारही त्याने मोजले होते आणि कडी निघाली हे त्याला कळलं होतं.

नर ओढत रस्त्यापर्यंत आणायला लेलंडला तासभर लागला. मदतीला कुणी आलं नाही. क्लबाशी पोचला तेव्हा बारा जण ओसरीवर रांगेने बसून भिजलेल्या बंदुका पुसत होते. तो कुणाशी न बोलता आत गेला. भिंतीवर त्याचे जुने नऊ तुकडे होते. दहावा खिळा रिकामा होता.

तो बाहेर आला. तेव्हा त्याला दिसलं की प्रत्येकाच्या हातात लाल-काळ्या फ्लॅनेलचा दोन बोटं रुंद चौकोन आहे.

"चिंध्या संपल्या होत्या," रॉइस म्हणाला. "फ्लॅनेलसारखं काही नाही, मी तुला सांगितलंच होतं. तुझा तुकडा तुला परत मिळणार, काळजी करू नकोस. नियम म्हणजे नियम. फक्त जरा सुटा मिळेल."

या वेळी फारसं कुणी हसलं नाही. पण पुसायचं कुणी थांबवलंही नव्हतं.

लेलंड पहिल्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि डावा हात पुढे केला. त्या माणसाने चौकोन त्यावर ठेवला. मग दुसऱ्याने. चौकोन काळे झाले होते, तेलाने जड झाले होते. चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या सभासदाने आपला घडी घालून दिला, मळकी बाजू आत. एकाने मान खाली घालून सांगितलं की त्याने शेगडीत टाकला. तीन बोटांच्या हातात दहा चौकोन जमले. रॉइस शेवटी बसला होता.

"थांब, माझी नळी व्हायचीय अजून."

लेलंड थांबला. रॉइसने सळईच्या टोकाला चौकोन लावला, आत घातला, फिरवला, बाहेर काढला, पुन्हा घातला. चांगली पाच मिनिटं त्याने काढली. सगळे बघत होते.

"हा घे," शेवटी तो म्हणाला. "भिकार तुकडा आलाय माझ्या वाटणीला. मधेच जाड शिवण आहे. नळीत अडकते."

"सुरी अडकावी म्हणून घातली होती तिने," लेलंड म्हणाला.

त्याने अकरा चौकोन शर्टाच्या खिशात ठेवले. खिशातली पितळेची कडी काढून रॉइसच्या बुटाजवळ फळीवर ठेवली. बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती, ती तशीच राहू दिली. नर गाडीजवळ पडला होता, त्याच्याकडे त्याने बघितलं नाही. तो उघड्या कमरेने पावसात चालत गाडीत जाऊन बसला आणि त्यानंतर क्लबात कधी आला नाही. नराचे वाटे बारा जणांत झाले.

पुढच्या जुलैत रॉइसने कुबडी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नवख्याला साडेचारशेला विकली. या खेपेला तिच्यात एकच कडी होती. सूर्याकडे नळी धरून त्या माणसाने विचारलं, आधीच्या मालकाने नीट ठेवली होती ना? रॉइस म्हणाला, "जिवापाड. बायकोच्या हातचं कापड वापरून पुसलेली बंदूक आहे ही."