सासऱ्यांच्या नावाची बाटली

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याला त्याचे सासरे ‘जावईबापू’ म्हणत, पण त्या हाकेत कौतुक कमी आणि नखं तपासायची तयारी जास्त असे. सासरे आरोग्य खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली, त्यांना सील ठोकलं, मालकांना रडवलं. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते मुलीकडे राहायला आले. गल्लीत त्यांना साबणसाहेब म्हणत. कडीला हात लागला की ते हात धूत, आणि धुताना नळाला लागला म्हणून पुन्हा धूत. जेवणातली काकडी मात्र कुणाला चिरू देत नसत. इतरांचे हात त्यांना ठाऊक होते म्हणे. रोज स्वतः चिरत आणि सगळ्यांच्या ताटात स्वतः वाढत.

त्या वर्षी कारखान्याने फर्मान काढलं की स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने शौच आणि लघवी तपासून रिपोर्ट द्यायचा. मॅनेजरने वर बजावलं, “आजारी निघाला तो बरा होऊन परत येईल. लबाडी करणारा परत येणार नाही.”

आदल्याच आठवड्यात आचाऱ्याचं पोट दोन दिवस बिघडलं होतं आणि त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आजाऱ्याच्या जागी बदली माणूस येणार, आणि बदली माणूस एकदा चुलीपाशी उभा राहिला की हलत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. पंधरा वर्षांपूर्वी तो स्वतः बदली म्हणूनच आला होता.

नेमकी त्याच आठवड्यात सासऱ्यांची सहामाही तपासणी होती. धडधाकट माणसानेसुद्धा दर सहा महिन्यांनी दोन्ही तपासण्या कराव्यात, असा त्यांचा नियम होता. तो पाळणारे जगात ते एकटेच असावेत. सकाळी त्यांनी आपल्या बाटल्या कागदात गुंडाळून जावयाच्या हाती दिल्या.

“जाताच आहात, तर माझ्याही द्या. आणि तुमच्या बाटल्यांना चिकटू देऊ नका.”

लॅबच्या जिन्यात आचाऱ्याला बुद्धी सुचली. जंतूंची आत शिरायची छाती होणार नाही असं पोट त्या घरात एकच होतं. त्याने नावाच्या चिठ्ठ्या नखाने सोलल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. सासऱ्यांच्या रिपोर्टवर कुणाची नोकरी अवलंबून नव्हती, त्यामुळे मनाला फारसं टोचलंही नाही.

चार दिवसांनी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं.

“ई. कोलाय,” त्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. “ते जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतात, बिचारे गुण्यागोविंदाने नांदतात. तुमच्यातले मात्र गुंड आहेत. जुलाब घडवणारे. शिवाय लघवीतही जाऊन बसलेत. जळजळ होत नाही?”

“मला? नाही,” आचारी म्हणाला, आणि ती बाटली कुणाची होती ते त्याला आठवलं.

कॅन्टीनची चूल त्याला बंद झाली. घरी सासऱ्यांनी आपला लख्ख रिपोर्ट जेवताना मोठ्याने वाचून दाखवला आणि जावयाचं ताट वेगळं केलं. टॉवेल वेगळा, पेला वेगळा, खुर्ची खिडकीपाशी. आणि स्वतः मात्र तासातासाला तोंड वाकडं करून संडासात जात होते. “उष्णता वाढलीय,” म्हणत, हात धूत, आणि बाहेर येऊन काकडी चिरत. त्या शनिवारी त्यांच्या नातीला, आचाऱ्याच्या मुलीला, जुलाब सुरू झाले. नात पाच वर्षांची. दोन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं.

आचाऱ्याला राहवेना. त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “हे बाबांच्या तोंडावर सांगा.” त्याने सांगितलं.

सासरे दयेने हसले. “जावईबापू, आजारी माणसाला असं वाटतं. माझ्या रिपोर्टवर सही आहे, शिक्का आहे. शिक्क्यापुढे तुमचं काय ऐकू?”

मंगळवारी त्यांना हुडहुडी भरली. कंबर धरून ते वाकले, तापाने डोळे लाल झाले. दोघं त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर तिथेही म्हाताऱ्याने खिशातून आधी रिपोर्ट काढला. बाईंनी तो वाचला. “लघवी स्वच्छ आहे. मग साधा ताप असेल,” म्हणून त्यांनी पेन उचललं.

आता गप्प बसलं असतं तर नोकरी शाबूत होती. महिनाभर औषधं घेतल्याचं सोंग करायचं, पुन्हा तपासून घ्यायचं, की झालं. पण खुर्चीत सासऱ्यांचे दात वाजत होते. आचाऱ्याला त्यांचा राग येत होता आणि त्यांची भीतीही वाटत होती, की हा हट्टी माणूस असाच हातचा जाईल.

“बाई, तो रिपोर्ट माझा आहे,” तो म्हणाला. “यांचा तुम्ही माझ्या नावाने वाचलात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे मला कारखान्याला कळवावं लागेल.”

“कळवा. आधी यांना औषध द्या.”

सासरे पाच दिवस दवाखान्यात होते. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं बाई म्हणाल्या. नातही औषधाने सावरली. मॅनेजरचं बोलावणं आलं त्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून जावयाबरोबर निघाले. उरलीसुरली अब्रूही आज जाणार, असं आचारी धरून चालला.

“चिठ्ठ्या मी लावल्या होत्या,” सासरे मॅनेजरला म्हणाले. “नजर अधू झालीय. चूक माझी. यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली.”

“साहेब, तुम्ही? आणि चूक?” मॅनेजरने या निरीक्षकाची कीर्ती ऐकलेली होती.

“लिहून घ्या. सही करतो.”

तीस वर्षांत एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाने सही केली, तारीख घातली, आणि खाली कारखान्याचा शिक्का नीट उमटलाय ना ते वाकून पाहिलं. त्या सहीवर शंका घ्यायची मॅनेजरची प्राज्ञा नव्हती. सोमवारपासून कामावर या, तो म्हणाला.

बाहेर येईस्तोवर आचाऱ्याचे डोळे भरून आले होते. “बाबा, मी…”

“गप्प बसा,” सासरे म्हणाले. “आता तुम्ही खरं बोललात, तर मी खोटा ठरेन.”