चौथी बादली

जानेवारीच्या गारठ्यात सकाळी सातला आमचा अख्खा तांडा हळद शिजवायच्या मैदानात जमला होता. शेजारच्या कुरुंद्याहूनही मोटारसायकली भरभरून आल्या होत्या. शुभ्रानंद महाराज आज चोर धुऊन काढणार होते.

चोरी आमच्याच घरातली. माझ्या सासूची, बेबीबाईची, सोन्याची पोत गेली होती. घरात बाया चौघी: सासू, थोरली जाऊ मिना, नणंद पुजा आणि मी, दिपा. परीक्षा अशी: सासूसकट चौघींनी एकेक डागाळलेलं फडकं धुवायचं, जिचं डागी राहील ती चोर. मी ठरले, तर दिवस मावळायच्या आत माहेरी जायचं आणि लेकरू इथंच ठेवायचं.

महाराजांनी चार पांढऱ्या फडक्यांवर निरांजनातलं तूप आणि काजळी फासली. चार बादल्यांत मोजून सारखी पावडर टाकली.

"पावडर एक, पाणी एक, डाग एक! फरक फकस्त मनाचा! धुताना जी बोलली, तिचं तोंड वाकडं व्हईल!"

उदाचा धूर तर एवढा की शेजारणीची बादली दिसेना. मला हसू आलं. मी अंगणवाडीत शिकवते, आणि या घरात सहा वर्षं कपडे मीच धुते. या परीक्षेत मी कशी नापास होणार?

पाण्यात हात घातला आणि बोटं बधिर झाली. तूप जास्तच चिकटलं. घासघास घासलं, डाग जागचा हलेना. बाकी तिघींची फडकी स्वच्छ निघाली.

"चोर!" कुणीतरी ओरडलं. सासूनं माझं लेकरू उचललं आणि पाठ फिरवली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. प्रेमदास कुकरजवळ मान खाली घालून उभा होता. हळद वाफवायच्या त्या कुकरची टाकी पहाटेपासून तापत होती, आणि कुकर तोच चालवतो. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, तापलेली कडी धरायला गुंडाळतात तसं.

मी सरळ मिनाच्या बादलीत हात घातला. पाणी चांगलं गरम होतं. माझं फडकं त्यात बुडवून दोनदा चोळलं, डाग गेला.

"महाराज, मन तर तेच हाय माझं. पाणी काहून येगळं?"

महाराज चपला शोधू लागले. लोकांनी त्यांना धरलं.

"मिनाबाई, तुमाला गरम लागलं न्हाई?" मी विचारलं.

"लागलं गं. पर बोलायचं न्हवतं ना!"

मी प्रेमदासपुढे उभी राहिले. "बादल्या कोणी भरल्या?"

"म्या. तीन कुकरच्या, तुझी हौदातली." मग हातावरचं फडकं सोडत म्हणाला, "पोत बी मीच इकली."

ज्याचे हळदीनं माखलेले सदरे मी धूत आले, त्यानंच माझ्यासाठी निवडून गार पाणी आणलं. मी त्याला माफ केलेलं नाही.

चमत्कार काहीच नव्हता. गार पाण्यात तूप गोठून धाग्याला धरून बसतं आणि पावडरही धड विरघळत नाही. गरम पाण्यात तूप पातळ होतं, मग साबण ते सोडवून नेतो. तुपाचं भांडं घासणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. त्या मैदानात अशा पन्नास जणी उभ्या होत्या, आणि तिघींचे तर हातच गरम पाण्यात होते. माझ्या सासूचेही.

म्हणून सांगते, कुणी मुकाट्यानं धुवा म्हटलं, तर आधी शेजारणीच्या बादलीत हात घालून बघा. आणि हाताला जे लागेल ते मोठ्यानं बोला.