मागच्या इमारतीचं पार्सल

गिऱ्हाईक फोन उचलत नसेल तर आमच्या कंपनीचा नियम सोपा आहे. पुन्हा फोन लावा, बेल वाजवा, थोडं थांबा, मग ऑफिसला कळवा. हा नियम करणारा माणूस कधी कुणाच्या दाराबाहेर गरम सूपची पिशवी घेऊन उभा राहिलेला नसावा. तिथं उभं राहिलं की डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो. भूक लागली म्हणून जेवण मागवायचं आणि जेवण दारात आलं की गायब व्हायचं, असं माणूस का करत असेल?

माझ्या सासूबाई विचारतात, तुला पगार पार्सलचा मिळतो की चौकशीचा? ऑफिसात तर माझं नावच 'चौकशी' पडलंय. पडू दे. मी कारणं गोळा करते. कुणी आंघोळीला गेलेलं असतं, कुठे नवरा-बायकोचं भांडण ऐन रंगात आलेलं असतं. एका गृहस्थांचा फोन दुधाच्या पिशवीबरोबर फ्रीजमध्ये गेला होता आणि ते घरभर उशा उलथ्यापालथ्या करत होते. पण सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण वेगळंच आहे. हल्ली मुलं लांबून आईवडिलांसाठी जेवण मागवतात, नंबर मात्र स्वतःचा टाकतात आणि मीटिंगमध्ये जाऊन बसतात. इकडे दार उघडणाऱ्याला कशाचाच पत्ता नसतो. हे कारण मला इतकं पाठ झालं होतं की शेवटी तेच माझ्या अंगाशी आलं.

पत्ता होता दुसरा मजला, अकरा नंबर. फोन वाजून वाजून बंद होत होता. मी वर गेले, बेल वाजवली. दार उघडलं ते सासूबाईंच्या वयाच्या एका काकूंनी. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात अर्धवट शिवलेला पडदा, सुई तशीच त्यात टोचलेली. आपण काही मागवलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दार लोटायला घेतलं.

अशा वेळी पार्सलवरचं नाव वाचून दाखवायचं असतं. ते पहिल्या दिवशीच शिकवतात. मी विचारलं ते भलतंच.

"काकू, तुमचा मुलगा लांब राहतो का?"

त्यांचा हात दारावरच थांबला. हो म्हणाल्या. मग त्यानंच पाठवलं असणार, मी शहाणपण पाजळलं, हल्ली सगळी मुलं असंच करतात. काकूंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो नाही पाठवायचा," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं नाहीये."

आता माझ्यासारखीला एवढं पुरे होतं. का बोलणं नाही, हे मी विचारलंच. त्यांनीही सांगितलं, जणू कुणीतरी विचारायचीच वाट पाहत होत्या. नवरा गेल्यावर मुलानं घर बंद करून आपल्याकडे चल म्हणून हट्ट धरला. या म्हणाल्या, मी इथून हलणार नाही. शब्दाला शब्द लागला. तो म्हणाला, मग बस एकटी. त्या म्हणाल्या, बसेन. दोघंही शब्दाचे पक्के निघाले. तेव्हापासून फोन नाही.

"त्याला मी अजून इथंच आहे हे माहीत तरी आहे का, असं वाटायचं," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेतली. लहान मूल हातात घेतात तशी, खालून आधार देऊन.

मी जिना उतरले ती हवेतच. आपण काहीतरी मोठं काम केलं असं वाटत होतं. गाडीपाशी पोचते तोच फोन वाजला. खऱ्या गिऱ्हाइकाचा. तो कुजबुजत बोलत होता. तान्ही मुलगी त्याच्या छातीवर झोपली होती, फोन पलीकडच्या खोलीत, आणि हललं तर ती उठेल म्हणून बिचारा इतका वेळ पुतळा होऊन पडला होता. तो राहत होता मागच्या इमारतीत. तिथंही दुसरा मजला, अकरा नंबर.

मी मान वर करून काकूंच्या मजल्याकडे पाहिलं. तो मात्र खुशीत होता. बरं झालं तुम्ही इथली बेल वाजवली नाहीत, म्हणाला, दुसरं पाठवा, सावकाश पाठवा. ऑफिसातले साहेब एवढे खुशीत नव्हते. दुसरं पार्सल निघेल, पण आधी वर जाऊन त्या बाईंना चूक सांग, असं त्यांनी फर्मावलं. चुकून गेलेलं अन्न न सांगता सोडायचं नाही. एखाद्याला एखादी गोष्ट सोसत नाही, खाल्ली आणि काही झालं तर कोण निस्तरणार? त्यांचं बरोबर होतं. म्हणून तर मला त्यांचा जास्तच राग आला.

दोन मजल्यांचा जिना मी किती वेळ चढत होते कोण जाणे. काय सांगायचं होतं मला? काकू, तुमच्या मुलानं काही पाठवलेलं नाही, ती माझ्या डोक्यातली भुतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, या बाईनं बेल ऐकू नये.

दार उघडंच होतं. टेबलावरचं शिवण बाजूला सारून काकू जेवायला बसल्या होत्या. सूप चांगल्यातल्या वाडग्यात काढलेलं, शेजारी नूडल्स. कानाला फोन. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की मी उंबऱ्यातच थांबले.

"ही बघ, तीच आली," त्या फोनमध्ये म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "मीच लावला गं. आभार मानायला तरी लावायला हवा ना? नुसता लावायचा तर धीर होत नव्हता. घे, तूच बोल त्याच्याशी."

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. आधी याला सांगू, मग त्यांना, असा विचार केला. "दादा," मी म्हटलं, "ते पार्सल..."

"मी पाठवलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "तिनं फोन करून विचारलं, तूच पाठवलंस ना? मी हो म्हणालो. ताई, ती जेवतेय का?"

मी आत पाहिलं. म्हटलं, हो.

"मग मी काय पाठवलंय तेवढं सांगा. तिनं विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

मी सांगितलं. सूप, नूडल्स, बटाट्याचे काप. तो एकेक शब्द माझ्यामागून हळूच म्हणत गेला. साहेबांचं मी विसरले नव्हते. आईला काय काय सोसत नाही तेही त्याला विचारून घेतलं. बाकी काही नाही, तो म्हणाला, फक्त तिखट. दारात येऊन मी काकूंना विचारलं, सूप कसंय? त्यांनी फोनकडे एक नजर टाकली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की जरा झणझणीत आहे, पण त्याला बोलू नकोस, एवढ्या प्रेमानं पाठवलंय.

मी गॅलरीत परत आले आणि त्याला सांगून टाकलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिला सांगा," तो म्हणाला, "पुढच्या वेळी तिखट कमी घालायला सांगेन."

मी आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता त्या माझ्यावर चिडतील, गुपित फोडलं म्हणून. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. "असं म्हणाला तो?"

"हो काकू," मी म्हणाले, आणि फोन त्यांच्या हातात दिला.