उष्टी काढायची लायकी

खानावळींच्या गल्लीत धाकटीला सगळे उष्टीबाई म्हणत. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे वाटायचं, चांगलं झोंबायचं. पण तो राग तिने नीट झाकून ठेवला होता, कारण ज्याच्या नावाचा होता त्यालाच तो वाढायचा होता. भलत्याच्या ताटात पडला असता तर वाया गेला असता, आणि काही वाया जाऊ न देणं हे तर तिचं कामच होतं.

गल्लीच्या तोंडाशी शहराने गॅसघर बांधलं होतं. पूर्वी साऱ्या खानावळींचं खरकटं गावाबाहेरच्या ढिगावर जाऊन कुजायचं आणि वारा फिरला की वासाच्या रूपाने जेवणाऱ्यांच्या नाकाशी परत यायचं. आता ते झाकणाच्या बादल्यांतून गाडीवर चढायचं, गॅसघरात यायचं, चक्कीत दळलं जायचं, हौदात रवीने ढवळलं जायचं आणि मग बंद टाकीत पडायचं. तिथे त्याचा गॅस व्हायचा. तो आधी छपरावरच्या रबरी फुग्यात भरायचा आणि मग नळाने त्याच खानावळींच्या शेगड्यांपर्यंत जायचा. आज ताटात टाकलेलं उद्या पातेल्याखाली पेटायचं. गल्लीत सिलिंडरच्या गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या आणि कुणाला त्यांची आठवणही होत नव्हती.

टाकीला गॅसघरातले लोक सासूबाई म्हणत. तिला वेळेवर खायला लागे. जास्त झालं की आंबट ढेकर, कमी झालं की रुसवा, आणि साबण पोटात गेला की ती अंथरूणच धरायची. धाकटी तिची मानाची सून. कुणाची बादली घ्यायची, कुणाची परत पाठवायची, कुणाचा नळ बंद करायचा, सगळं तिच्या हातात. ज्याच्या घाणीने काम अडेल त्याने स्वतः येऊन ती काढायची, तोवर त्याची शेगडी थंड, असा नियम होता. तो नियम व्हावा म्हणून धाकटीने गॅसघराच्या साहेबांच्या दाराशी चपला झिजवल्या होत्या. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

कारण होतं गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या खानावळीत. ती तिच्या थोरल्या दिराची होती. म्हणजे आता त्याची. उभी केली होती दोघा भावांनी. धाकटा भट्टीशी, थोरला गल्ल्यावर. एके दिवशी धाकटा छातीत कळ येऊन भट्टीपुढेच कोसळला, आणि तिचे डोळे सुकायच्या आत थोरल्याने भावाच्या बायकोला भांडी घासायला मोरीवर बसवलं. ती बसली. मग एका गर्दीच्या दुपारी तिच्या हातून ताटांची चळत निसटली. थोरला गल्ल्यावरून उठला आणि भरल्या खानावळीत म्हणाला, "तुझी लायकी उष्टी काढायची, आणि तीसुद्धा तुला धड काढता येत नाहीत." घासणारे हात थांबले, जेवणारे थांबले नाहीत. संध्याकाळी तिला एका पेटीसकट बाहेर काढलं. जाऊबाई मागच्या दाराने डबा घेऊन निघाल्या होत्या, पण नवऱ्याची हाक आली तशा परत फिरल्या. त्या रात्री धाकटी उपाशी झोपली.

अर्धी खानावळ आपल्या नवऱ्याची होती हे ती एक वेळ विसरली असती. माणूस काय काय विसरतो. ते वाक्य मात्र, पुढे गॅसघर उभं राहून तिला तिथे काम मिळालं तरी, पोटात तसंच पडून होतं.

थोरला काही खुळा नव्हता. नळ कुणाच्या हातात आहे हे कळल्यापासून त्याच्या बादल्या अशा यायच्या की पाहुण्यांपुढे ठेवाव्यात. त्यात दात कोरायची काडीसुद्धा सापडायची नाही. धाकटी रोज बाही सारून तळापर्यंत हात घालायची आणि रोज रिकाम्या हाताने बाहेर यायची. गाडीवाला खो खो हसायचा. सोनं सापडलं तर अर्धं माझं, म्हणायचा. सोनं तुझ्या घरी ठेव, मला एक प्लास्टिकचा चमचा मिळू दे, असं ती म्हणायची.

शेवटी एकदा तिने चमचा स्वतःच आणला. मुठीत धरून थोरल्याच्या बादलीवर उभी राहिली. मूठ उघडायचीच काय ती बाकी होती. पण उघडली नाही. ती काही संत नव्हती. उलट त्या क्षणी तिच्याइतकं वाईट मन गल्लीत दुसरं नसेल. पण खोटेपणाने मिळवलेला सूड म्हणजे उष्टाच की. तिला तो ताजा हवा होता, थोरल्याने आपल्या हाताने वाढलेला. चमचा तिने खिशात ठेवून दिला.

आणि थोरल्याने वाढला. त्याने शेजारचं दुकान घेतलं, मधली भिंत पाडली आणि नवं दालन काढलं. उद्घाटनाच्या जेवणाला शहरातली झाडून सगळी मोठी माणसं यायची होती. एवढी ताटं घासायला माणसं कोण ठेवणार? त्याने फेकायच्या ताटल्या आणल्या आणि आधीपासूनच रोजच्या जेवणालाही वापरायला काढल्या. मातीत विरघळतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि पुरावा म्हणून प्रत्येक ताटलीच्या पोटावर एक हिरवं पान छापलं होतं. पान आहे म्हणजे झाडपाल्यातलीच वस्तू, असं समजून वाढपी त्या खरकट्यासकट बादलीत लोटू लागले. कागद भिजून लगदा व्हायचा. रोज तळ गाठणारा धाकटीचा हातही फसला. कागदावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा मात्र विरघळला नाही. हौदात तो सुटा झाला, रवीला गुंडाळत गेला, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रवी कण्हली आणि थांबली.

सासूबाई उपाशी राहिल्या. दुपारपर्यंत छपरावरचा फुगा म्हाताऱ्याच्या गालासारखा आत गेला आणि गल्लीतल्या शेगड्या मंदावल्या. लोक दारात येऊन बोलू लागले. धाकटीने हौदाचं झाकण उघडून आकडा घातला. वर आला तो लांबलचक पापुद्रा, त्यावर हिरवं पान. ते तिने बोटाने पुसलं, उजेडात धरलं. थोरल्याच्या दुकानातली वस्तू पाहून तिला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

तिने थोरल्याचा नळ बंद केला. एवढी मोठी खानावळ बंद राहिली की फुग्यातलं उरलंसुरलं बाकीच्यांना सकाळपर्यंत पुरेल, असं तिने लोकांना सांगितलं. हौद मोकळा करायला कामगार पुढे आले, त्यांना तिने मागे सारलं.

साहेबांचा फोन आला. साहेबांचं थोरल्याच्या स्वयंपाकघराशी जुनं सख्य होतं. ताणू नका, म्हणाले, माणसं लावून काढून टाका आणि विषय मिटवा. नियमावर सही तुमचीच आहे साहेब, असं ती म्हणाली. मग साहेबांचा आवाज बदलला. उद्या गल्लीतल्या चुली पेटल्या नाहीत तर नोकरी तुमची जाईल, त्याची नाही, असं त्यांनी बजावलं. तिने बरं म्हटलं. फोन ठेवून ती पुन्हा हौदापाशी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. धाकटीने त्यांना आपली खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या हौदाकडे बघून पदर खोचू लागल्या. "मी काढते गं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही जन्मभर काढलीत, जाऊबाई. आता त्यांची पाळी."

जाऊबाईंनी खोचलेला पदर सोडला. जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो समजूत घालणारा नव्हता.

सकाळी थोरला आला. उद्घाटनाचे परीटघडीचे कपडे अंगावर होते. गल्ली आधीच जमली होती, कारण प्रत्येकाचं पातेलं त्या हौदावर अडलं होतं. काय हवंय तुला, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. धाकटीने हौदाकडे बोट दाखवलं. त्याने हातमोजे मागितले. तिने आपले दोन्ही उघडे हात त्याच्यापुढे धरले.

"उष्टी काढायला लायकी लागते, भाऊजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बघू तुमची."

त्याने लोकांकडे पाहिलं. कुणी मान खाली घातली नाही. मग तो गुडघ्यांवर बसला, बाही सारली आणि हात घातला. आंबलेला घमघमाट उठला. रवीच्या पात्यांत बोटं घालून तो पापुद्रे सोडवू लागला, एकेक पान बाहेर येऊ लागलं. धाकटी डोळे भरून बघत होती. वर्षानुवर्षं मनात पाहिलेलं सगळं तसंच होतं, तिच्या अंदाजापेक्षा काकणभर सरसच.

आणि मग तिला त्याचा अंगठा दिसला. पेरापाशी बाहेर वळलेला, घराण्यातला. असाच अंगठा भट्टीपुढे कणीक मळायचा, रात्री तिच्या कपाळावर फिरायचा. पुरे, हा शब्द अगदी ओठांवर आला.

तेवढ्यात थोरला मान वर न करता पुटपुटला, "तो असता तर त्याने तुला हे करू दिलं नसतं."

शब्द ओठांवरून परत गेला.

"तो असता तर मी इथे नसते, भाऊजी," ती म्हणाली. "हात खाली घाला. तळाशी अजून आहे."

त्याने घातला. तळ साफ झाल्याशिवाय तिने त्याला उठू दिलं नाही. रवी फिरली, दळण टाकीत गेलं, फुगा हळूहळू भरू लागला, आणि तिने स्वतः जाऊन त्याचा नळ उघडला. वास जायला किती वेळ लागतो, असं त्याने विचारलं. मला कधी कळलंच नाही, सवय झाली, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाई पुन्हा आल्या, या वेळी खानावळीच्या पुढच्या दाराने निघून, डबा घेऊन. जेवण झकास झालं होतं, माळ्यावरची जुनी स्टीलची ताटं काढली होती, साहेबांनी दोनदा मागून घेतलं होतं. हे मात्र जेवलेच नाहीत, असं त्या सांगत होत्या. घास तोंडाशी न्यायचे आणि थबकायचे. चार वेळा हात धुऊन आले, पुन्हा तेच.

"मग?" धाकटीने विचारलं.

"मग काय, उपाशीच झोपले."

धाकटी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं थोडं पाणी त्या अंगठ्यासाठी होतं, पण ते तिने मेली तरी कबूल केलं नसतं. मग तिने डबा उघडला आणि ताटात वाढून घेतलं. थोरल्याच्या भट्टीवरचं, तिच्याच गॅसवर शिजलेलं. सावकाश जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि ताट असं पुसून खाल्लं की सासूबाईंसाठी एक कण उरला नाही.