रोकव्हेरचा पुराचा दगड

दगड मी हलवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे चोर कोण हे शोधत शेवटपर्यंत वाचायला नको.

माझं नाव फिर्मां. वय शहात्तर, धंदा गवंड्याचा. गुडघे गेल्यापासून उन्हाळ्यात सोलांजची गाडी चालवतो. नदीकाठी तिचा साठ तंबूंचा कॅम्प आहे आणि चाळीस होड्या. सकाळी होड्या आणि माणसं गाडीत घालून मी अकरा किलोमीटर वरच्या पुलापाशी सोडतो. पुढं ओर्वेझ नदी त्यांना आपली आपण खाली आणते. वाटेत कड्यावरचा किल्ला लागतो, खडकात कोरलेली घरं लागतात, बगळे लागतात आणि शेवटी आमच्या रोकव्हेर गावची जुनी पाणचक्की. हे सगळं बघून चार तासांनी माणसं काठाला लागतात आणि मला पहिलं विचारतात, संडास कुठाय.

पाणचक्कीच्या भिंतीत, दाराशेजारी, तो दगड आहे. त्यावर आडवी रेघ, रेघेखाली १८०४. त्या साली पूर आला आणि पाणी इथवर चढलं, असा त्याचा अर्थ. रेघ उंबऱ्यापासून दोन मीटर वीसवर. होड्या वाळूवर ओढायच्या, रेघेखाली उभं राहायचं, हात वर करून बोटं टेकवायची, फोटो काढायचा आणि हसायचं. उंच डच माणसांची बोटं सहज पोचतात, बुटके उड्या मारतात. शेजारी नगरपालिकेची पाटी: 'खोऱ्यातली सर्वांत उंच पूरखूण.'

आता खरं सांगतो. रेघ मुळात एक मीटर दहावर होती.

एक्क्याऐंशी साली चक्कीचा तो कोपरा ढासळला आणि गावानं मला अन् आबेलला बांधायला सांगितलं. आबेल माझा जोडीदार, आता वर गेला. खाली चार किलोमीटरवर माल्वेझ गाव आहे. त्यांच्या चर्चवरची पुराची खूण माणसाच्या खांद्याला लागते. दर वर्षी गोळे फेकायच्या सामन्याला ते लोक आले की तेच: "तुमच्या पुरात बदकाचे गुडघे तरी भिजले होते का रे?" त्या दिवशी दुपारी आम्ही पाडलेल्या भिंतीवर बसून पाव, बदकाचं मांस आणि वाइन असं जेवत होतो. आबेल दगडाकडं बघत म्हणाला, "कोरीव दगड असा खाली, गाड्यांच्या चाकांपाशी ठेवतात का कोणी? वर घे की, दिसेल तरी."

त्यात चूक काय होतं? पडक्या घरातला कोरीव दगड सापडला की गवंडी तो नव्या भिंतीत नजरेच्या उंचीला बसवतो. माझा बाप तेच करायचा, त्याचा बापही तेच. कोणाच्या चुलीवरचा कुलचिन्हाचा दगड आज कोणाच्या गोठ्यावर आहे. सवय अर्धी आणि खोडी अर्धी. आम्ही दगड वर घेतला, जरा जास्तच वर घेतला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या लक्षात आलं, ते हसले आणि यथावकाश मेले. माल्वेझवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दहा वर्षांत पाटी लागली, वीस वर्षांत चक्की संरक्षित वास्तू झाली. मी रोज तिथून जायचो आणि मला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी वसंतात इनेस नावाची सरकारी मुलगी आली. तिपाईवर दुर्बीण, हातात आकड्यांची पट्टी. खोऱ्यातल्या सगळ्या पूरखुणा मोजून तिला पुराचा नवा नकाशा करायचा होता. आमच्या दगडापाशी तिनं तीनदा मोजलं.

"विचित्र आहे," ती म्हणाली. "वरच्या गावात कमी, खालच्या गावात कमी, मधेच इथं मीटरभर जास्त."

"इथं खोरं अरुंद आहे," मी म्हणालो. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

तिनं ते लिहून घेतलं.

जूनमध्ये सोलांजला पत्र आलं. नव्या नकाशात तिचा कॅम्प पूर्ण लाल पट्ट्यात, एकही तंबू वर राहत नव्हता. हंगाम संपला की कायमचा बंद. नवरा गेल्यावर तिनं तो कॅम्प एकटीनं उभा केला होता. तिची दोन्ही पोरं शहरात आहेत, त्यांना त्यात रस नाही. तिच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. तिनं पत्र गाडीच्या काचेवर आपटलं आणि म्हणाली, "वाचा फिर्मां, चष्मा लावून वाचा. त्या दगडानं मला बुडवलं. दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी, आणि बुडतेय मी."

मी चष्मा लावला, वाचलं आणि गप्प बसलो. लाज वाटली, दुसरं काही नाही. पंचावन्न वर्षं गावातली प्रत्येक भिंत मी ओळंब्यात उभी केली. 'फिर्मांची भिंत' म्हणजे सरळ भिंत, असं लोक म्हणतात. आता म्हणणार, फिर्मांनं पाण्याची खोटी साक्ष दिली.

सप्टेंबरात आमच्याकडं असल्या नकाशावर लोकांचं म्हणणं मागवतात. नगरपालिकेत वही ठेवतात, ज्याला जे म्हणायचं ते त्यानं लिहावं. सगळ्या गावानं लिहिलं. पाणी इतकं कधी चढत नाही, सरकार आंधळं आहे, सोलांजला जगू द्या. आमचे मेयर बेर्ट्रां यांनी पानभर लिहिलं. आणि त्याच आठवड्यात, जुन्या वास्तू लोकांना दाखवायच्या वारसादिनाच्या पत्रकात त्यांचंच वाक्य: 'या, आमची खोऱ्यातली सर्वांत उंच पूरखूण बघा.'

वही ठेवली होती त्या टेबलापाशी इनेस बसलेली. मी गेलो आणि लिहिलं नाही, सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"अरुंद खोरं?" तिनं विचारलं.

"खोटं बोललो. मुली, तो दगड मी वर नेला."

"पुरावा?"

"मी आहे की."

"तुम्ही सोलांजबाईंची गाडी चालवता. उद्या त्यांच्या बाजूनं अख्खं गाव असं सांगत येईल. तोंडी सांगण्यावर नकाशा बदलत नाही हो. पुढच्या शुक्रवारी वही बंद होणार."

चूक तिची नव्हती. मी उठलो आणि दाराशी आठवलं: बाटली. भिंत पुरी झाली की गवंडी आत बाटली ठेवतो. तिच्यात चिठ्ठी, चिठ्ठीत तारीख आणि नावं. पुढं कधी कोणी भिंत पाडली तर त्याला कळावं, आपल्या आधी कोण होतं. त्या दगडामागं आबेलनं ठेवली होती. चिठ्ठी त्यानंच लिहिली आणि मी वाचली नव्हती.

संरक्षित भिंत फोडायची तर परवानगीला वर्ष लागतं. माझ्याकडं आठवडा होता. मी घरी जाऊन छिन्नीला धार लावली.

रविवारी वारसादिन. चक्कीपुढं पन्नासेक माणसं, त्यात पंधरा माल्वेझची. बेर्ट्रां तिरंगी पट्टा लावून बोलत होते, पाण्याची स्मृती वगैरे. इनेस मागं उभी होती, कारण मीच तिला बोलावलं होतं. मी गाडीतून शिडी काढली, भिंतीला लावली आणि चढलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. पहिला घाव घातला तसं भाषण थांबलं.

"फिर्मां, खाली उतरा! संरक्षित वास्तू आहे ही!"

"माहितीये. मीच बांधलीये."

"अहो, वेड लागलंय का?"

"शिडी धरा बेर्ट्रां, नाहीतर मी पडेन आणि मग तुम्हाला माझ्यावरही भाषण करावं लागेल."

त्यांनी धरली. मेयर वाईट माणूस नाही. मी चुना कोरत गेलो. दगड सैल झाल्यावर माल्वेझचे दोघं पुढं आले आणि आम्ही तो दोरानं खाली घेतला. मागच्या पोकळीत बाटली होती. मी ती इनेसच्या हातात दिली, स्वतः उघडली नाही. तिनं बूच काढलं, कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचलं:

"आठ ऑगस्ट एक्क्याऐंशी. पुराची खूण उंबऱ्यापासून एक मीटर दहा होती, ती दोन मीटर वीसवर नेली. माल्वेझवाले आता काय बोलतात बघू. आबेल. आणि फिर्मां, ज्याला हे चूक वाटतंय पण बोलत नाही."

माल्वेझवाले हसायला लागले, पोट धरून हसले. एकजण ओरडला, "बदकाचे गुडघे!" मग आमचे लोकही हसले. सोलांज हसत नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जूनपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"तीन महिने रोज माझ्याशेजारी गाडीत बसलात."

"हो."

तिनं माझ्या हातातली छिन्नी घेतली आणि गाडीत नेऊन टाकली. वाटलं आता नोकरी गेली. पण परत येऊन म्हणाली, "दगड कोण बसवणार, मी?"

नकाशा दुरुस्त झाला. लाल रेघ कॅम्पच्या खाली, काठाच्या झाडीत गेली. सरकारनं मला दंड न करता समज देणारं पत्र पाठवलं, ते मी ठेवलंय. दगड परत बसवायची रीतसर परवानगी पुढच्या मेमध्ये आली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तो जागेवर बसवला. या वेळी गुडघ्यावर बसून, कारण काम तेवढ्याच उंचीचं होतं. पाटीवरचं 'सर्वांत उंच' खरवडून टाकलं. बेर्ट्रां म्हणाले, आता कोण थांबणार इथं फोटोला? मलाही तसंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात एक कुटुंब होडीतून उतरलं. आईबाप आणि पाच-सहा वर्षांची मुलगी, सोलांजच्या खालच्या रांगेत, पाण्यालगतच्या तंबूत राहणारी. मुलगी धावत दगडाशी गेली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, जशी घरी उंची मोजायला राहत असेल. रेघ तिच्या केसांच्या दोन बोटं वर आली. बापानं फोन उचलला आणि तसाच धरून राहिला. आई पुढं गेली, मुलीला तिथून उचलून घेतलं आणि वाळूकडं परत गेली. चाळीस वर्षं मी त्या दगडाखाली लोकांना हसताना पाहिलं होतं.

सोलांज होड्या ओढायला आली होती. तिनं ते बघितलं. बराच वेळ ती दगडाकडं बघत राहिली, मग खालच्या तंबूंकडं.

"फिर्मां, नकाशा म्हणतो, खालची रांग ठीक आहे."

"हो, नकाशाप्रमाणं ठीक आहे."

"गाडी आणा," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत खालची रांग वर हलवायचीय."

बारा तंबू होते. आम्ही ते वर नेले.